शेगडीला वाहिलेला हार

तीर्थरूप आबा,

सावद्याच्या दिशेने कॅनडातूनच वाकतो. आम्ही तिघं सुखरूप आहोत, हे आधी वाचा.

काल घर तापवायची शेगडी बिघडली. ती लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर चालते आणि ब्लोअरने हवा ओढते. ज्वाळा मंदावली, काच काळी पडली, ब्लोअर नुसता घुरघुरत राहिला. मोनाली तिच्या धुळ्याच्या बोलीत ओरडली, "घरमा बठ्ठा धूर शे!" तान्हीला छातीशी धरून आम्ही बर्फात पळालो.

शेगडी थंड झाल्यावर मागचं झाकण उघडलं. हवेच्या नळीत झेंडूच्या पाकळ्यांचा आणि अक्षतांचा बोळा! दसऱ्याला पूजा करून मीच तिच्या मागच्या जाळीत हार खोचला होता. तो वाळला आणि ब्लोअरने पाकळी पाकळी आत ओढला.

नळी साफ केली, आता ज्वाळा पिवळीधमक आहे. आईला धुराचं सांगू नका. तिचा गुडघा कसा आहे?

जाळीत हार खोचायला मी तुमच्याकडूनच शिकलो. विहिरीवरच्या मोटारीला तो अजून तसाच असेल. पत्र खाली ठेवा आणि आधी तो काढून या.

तुमचा,
ललित