आमच्या घरावरची पाण्याची रेघ

४ मार्च

आमच्या युद्धखेळाच्या क्लबात यंदाच्या सामन्याचं टेबल — म्हणजे छोटे शिपाई लढवायचं रणांगण — मीच करायचं, असं कर्नलने जाहीर करून टाकलं. विषय काय, तर अर्धं बुडालेलं, ओसाड गाव! हा आमचा कर्नल सैन्यात कधीच नव्हता. जन्मभर टपालावर शिक्के मारले, पण क्लबात अंगठ्याएवढे शिपाई मांडले की मिशांना पीळ देतो. म्हणे, "पडक्या भिंती, कमरेएवढ्या पाण्यातून चालणारं पायदळ — तुला काय, डोळे मिटून जमेल."

जमेल ना. आमचंच गाव बुडालंय. अकरा वर्षं झाली धरण भरून. आणि पाणी कुठवर चढणार याची रेघ आखणारा इंजिनिअर कोण? माझा सख्खा थोरला भाऊ! त्याच्या सहीने आमचं घर बुडिताच्या यादीत गेलं. घाई न करता धरणाची उंची थोडी कमी धरली असती, तर वाचलं असतं. बदल्यात शहरात ही जागा मिळाली — पुढच्या खोलीत माझं कवळ्यांचं काम, मागे बिऱ्हाड. बाबांना उचलून इथे आणलं. आठ महिने भिंतीकडे तोंड करून बसले आणि गेले. त्यानंतर दादाशी मी एक शब्द बोललेलो नाही. क्लबात तो शनिवारी खेळतो, मी रविवारी.

११ मार्च

हिला घेऊन धरणावर गेलो. पाणी बरंच उतरलंय. शाळा खिडक्यांच्या चौकटीपर्यंत वर आली आहे, टपाल कचेरीचं छपरासकट अर्धं अंग दिसतंय. गिरणीची नुसती चिमणी. भिंतींवर पाण्याचे पट्टे — पांढरा, तपकिरी, खाली हिरवा. दातांच्या मुळाशी कीट बसतं तस्से. (दुसरं काय आठवणार? दिवसभर लोकांच्या कवळ्या बनवतो.) चाळीस फोटो काढले. सुंदर दिसतं हो सगळं! याचाच राग येतो.

आमचं घर सगळ्यात मागे, झाडीत. पाण्यावर ऊन चकाकत होतं, त्यात उभं असल्यासारखं दिसलं. "अहो, नावाडी आहे, जवळ जाऊन बघा की एकदा," ही म्हणाली. म्हटलं, लांबून दिसलं तेवढं पुरे. मेलेल्याचं तोंड किती वेळा बघायचं?

१९ मार्च

शाळा, टपाल कचेरी, गिरणी झाली. भिंती थर्माकोलच्या, वरून कवळीच्या साच्याचं प्लास्टर. दगडासारखं बसतं.

एका टेबलावर पाण्याची पातळी एकच. म्हणून मी लाकडाच्या ठोकळ्यावर पेन्सिल आडवी बांधतो आणि ठोकळा तळाशी टेकवून प्रत्येक इमारतीभोवती फिरवतो. सगळीकडे रेघ एका उंचीवर येते. मग त्या रेघेखाली पट्टे रंगवायचे.

आमच्या घराला ठोकळा लावला नाही. तिथे हाताने रंगवलं. दाराच्या चौकटीच्या वरपर्यंत! पाण्यात नीट बसावं म्हणून खालचा उंचवटाही कापून टाकला. किती बुडालं ते मला कोणी शिकवायला नको.

२६ मार्च

पाणी म्हणून रेझिन ओतलं, काचेसारखं घट्ट होणारं. तीन पातळ थरांत. एकदम ओतलं की तापतं आणि तडकतं. "घाई केली की असं होतं, हे दादाला कधी कळलं नाही," असं हिला ऐकवलं. ती आणि वहिनी अजून फोनवर बोलतात, मला ठाऊक आहे. मी कानाडोळा करतो.

२ एप्रिल

चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या टेबलावर पहिला डाव माझ्याविरुद्ध कोणाचा? दादाचा!! कर्नल ओशाळला. "बदलू का?" म्हणाला. मुळीच नको. डागू दे त्याला तोफा बाबांच्या घरावर. सवय आहे.

९ एप्रिल

टेबलाभोवती तोबा गर्दी. कौतुक चाललेलं. दादा आला. केस पार पांढरे झालेत. शिपाई मांडायचे सोडून टेबलाकडे बघत उभा राहिला. मग वाकून डोळा पाण्याच्या पातळीला आणला आणि कर्नलला म्हणाला — मला नव्हे, कर्नलला! — "पाणी शाळेच्या खिडकीला असेल, तर त्या मागच्या घराच्या पायरीलाही लागणार नाही. ते घर उंचावर आहे."

कोणीतरी हसलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. दहा वर्षांनी तोंड उघडलं ते असं — "मोजायची एवढी हौस आहे, तर तेव्हा कुठे शेण खायला गेला होतास?"

दादाने हातातले फासे खाली ठेवले. "चुकलं माझं. छान केलंयस," म्हणाला आणि न खेळताच निघून गेला. कर्नलने मला विजयी जाहीर करून टाळ्या वाजवल्या. गाढव!

जेवलो नाही.

१३ एप्रिल

राहवेना. सकाळीच एकटा गेलो, नाव केली आणि घरापाशी उतरलो.

कोरडं.

पायरी कोरडी, उंबरा कोरडा. पट्टे नाहीत, गाळ नाही. भिंतीवर हात फिरवला तर बोटांना चुना लागला — बाबांनी दिलेला चुना, अकरा वर्षांपूर्वीचा! छप्पर बसलंय, दार कोणी काढून नेलंय, बाकी सगळं जागच्या जागी. छत्रीचा खिळासुद्धा. नावाड्याला विचारलं, इथे पाणी कितपत चढतं? तो माझ्याकडे वेड्यासारखं बघायला लागला. "इथं? इथं कधीच आलं नाही साहेब. धरण काठोकाठ भरलं तरी खालच्या त्या बांधापर्यंत. हे घर कशाला सोडलं काय माहीत लोकांनी."

मी पायरीवर बसून रडलो. नावाडी पाठ फिरवून उभा राहिला.

म्हणजे त्याला ठाऊक होतं. त्या दिवशी बोललाच ना — "ते घर उंचावर आहे." ठाऊक असून सही केली! बाबांना त्यांच्याच ओसरीवर मरता आलं असतं. चूक समजत होतो मी इतकी वर्षं. चूक माफ तरी करता येते.

१४ एप्रिल

हिला सगळं सांगितलं. रविवारी क्लबात, सगळ्यांच्या देखत, त्याला विचारणार. त्याच्या खात्यालाही कळवणार. खोटी सही आहे ती! पेन्शन घेतो ना? घे म्हणावं.

हिने चप्पल घातली आणि न सांगता वहिनींकडे गेली. जाऊ दे. गेली तर गेली.

१५ एप्रिल

खात्याला लिहायच्या अर्जाचा मसुदा केला. अडीच पानं.

१६ एप्रिल

ही परत आली. कागद माझ्या पुढ्यात ठेवला. "वहिनींनी दादांना चोरून दिलाय. आधी वाचा, मग काय करायचं ते करा."

बाबांचं अक्षर. यादी निघायच्या दोन महिने आधीची तारीख.

"चि. थोरल्यास, घर रेघेच्या वर आहे हे तू मला दोनदा मोजून दाखवलंस. तरी ते बुडितात धर. धाकटा दुसऱ्याच्या दवाखान्यात, मागच्या बोळकांडीत उभ्यानं कवळ्या घासतो. मी परवा बघून आलो. घराच्या बदल्यात शहरात जागा मिळेल, त्याला स्वतःचं काम थाटता येईल. माझं काय, मी कुठेही राहीन. त्याला मात्र यातलं काही कळू देऊ नकोस, तो जागा घ्यायचा नाही. तुझ्यावर चिडेल, बोलायचा बंद होईल. होऊ दे. तू थोरला आहेस."