फडकं बांधून पाहिलेली क्वाड

३ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून पत्र. एकतीस तारखेला वाळूवरच्या शर्यतीसाठी संघाची निवड चाचणी आहे. दोन वर्षं क्लबच्या क्वाडवर, म्हणजे त्या चार चाकांच्या बाइकवर, सराव केला, पण चाचणीला स्वतःच्या नावावरची गाडी लागते. यंदा हुकलं तर पुढच्या वर्षी मी वयात बसत नाही. इथले एक दातांचे डॉक्टर आपली जुनी स्पोर्ट क्वाड विकताहेत. लाल आहे, चकचकीत आहे, म्हणूनच मला धास्ती वाटते. काय काय तपासू?

मामीला नमस्कार. तुमच्या मायेवर विसंबलेली,
भाची

८ मार्च

चि. शंकासुरास,
अनेक आशीर्वाद.

चकचकीत जुनी गाडी म्हणजे पावडर लावलेला आजारी माणूस. माझ्या गॅरेजात शिकवलं तसंच कर. डोळ्यांवर फडकं बांध आणि आधी हातांनी गाडी बघ. डोळे रंगाला भुलतात, बोटं भुलत नाहीत. जॅकवर चढवून पुढचं चाक वर-खाली हलव. खुळखुळलं तर बॉल जॉइंट गेले. डावी-उजवीकडे हललं तर हँडल चाकाला जोडणाऱ्या टाय रॉडची टोकं. मागचं चाक धरणारी भुजा आडवी ढकल. हलली तर तिची बेअरिंगं संपली. चेनच्या चक्राचे दात बोटाला टोचले तर चेनसकट बदल. फ्रेमच्या सांध्यांवरून नख फिरव, तडा असेल तर अडकेल. एअर फिल्टरच्या आत वाळू लागली तर तिथूनच माघारी फीर. इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांग. निळा धूर आला तर ते तेल पितं. धूर मात्र फडकं सोडून बघ.

आणि सापडेल ते पोटातच ठेव. माझी स्कूटर घ्यायला आलेल्या माणसाला चहा देता देता तू क्लच घसरतो म्हणून सांगितलंस. स्कूटर अजून माझ्याच दारात आहे. मामी म्हणते, पोरीला रागावू नका. मी कुठे रागावलोय?

खुशाली कळवत जा. तुझा,
मामा

२० मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

गप्प राहायचं ठरवूनच गेले होते. अंगणात फडकं बांधून गाडी चाचपायला लागले, तर डॉक्टरांच्या आईने मला घेरी आली समजून साखरपाणी आणलं. फिल्टर स्वच्छ, फ्रेम धड, धूर सुरुवातीला जरासा. पण टाय रॉडची टोकं पार गेलेली, भुजेत खुळखुळा, चक्राचे दात झिजलेले. तरी मी गप्प होते.

मग आई आत गेल्यावर डॉक्टर हळूच म्हणाले की वेग घेतला की हँडल थरथरतं. आपले हात कापायला लागलेत बहुतेक, म्हणून विकतोय. दात काढणारा माणूस, मामा! दोन महिने त्यांनी दवाखान्यात अवघड काम हाती घेतलं नव्हतं. त्यांच्यासमोर मी गप्प कशी बसू? सगळं सांगितलं, वर कागदावर लिहून दिलं. त्यांना खरं वाटेना, म्हणून तीन दिवस त्यांच्याच अंगणात बसून टोकं, बेअरिंगं, चेन, चक्रं बदलून दिली.

गाडी सुतासारखी सरळ आली. डॉक्टरांनी मैदानाला सात फेऱ्या मारल्या, उतरले, दोन्ही हात पुढे धरून बघत राहिले आणि म्हणाले की आता विकत नाही.

चाचणीला अकरा दिवस आहेत. गाडी गेली, नखांतलं ग्रीस तेवढं राहिलं. हवं तर रागवा, पण दोन ओळी धाडा.

तुमची,
भाची

२४ मार्च

चि. शंकासुरास,
अनेक आशीर्वाद.

रागवायलाच बसलो होतो, पण तुझं पत्र वाचताना मामी मध्येच डोळे पुसायला उठली आणि माझा राग विस्कटला.

चाचणीचं त्यांना सांगितलंस का? नसणारच. दुसऱ्याच्या गाडीच्या खुळखुळ्यावर दोन पानं लिहिशील, स्वतःच्या गरजेवर अर्धी ओळ नाही. तोंडाने गाडी घालवलीस, आता त्याच तोंडाने मागून घे.

मामीचा तुझ्यावरचा जीव माझ्याहून जास्त, हे ध्यानात असू दे.
मामा

२ एप्रिल

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

नव्हतंच सांगितलं. तुमचं पत्र घेऊन दवाखान्यात नंबर लावून बसले. आत गेल्यावर डॉक्टरांनी खुर्चीत बसवून माझे दातच तपासले, कारण मी तोंड उघडून काही बोलत नव्हते. शेवटी पत्र त्यांच्या हातात दिलं. वाचून ते इतके हसले की बाहेरचे पेशंट डोकावले. मग म्हणाले की विचारायचं मलाच सुचायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी गाडी दोघांच्या नावावर झाली. रविवार त्यांचा, बाकीचे वार माझे, दुरुस्ती माझी, माझ्या दातांची काळजी त्यांची.

चाचणीच्या फॉर्मवर गाडीतल्या दोषांसाठी रकाना होता. सगळ्यांनी ‘काही नाही’ लिहिलं. मी धुराचं लिहिलं, ब्रेक पॅडचं लिहिलं, जागा संपली म्हणून मागच्या पानावर गेले. तपासनीसांनी विचारलं की बाई, गाडी पळवायची आहे की मोडीत काढायची? आणि शिक्का मारला.

सहा जण निवडले. मी सहावी.

शेवटच्या फेरीत माझ्या पुढे एक मुलगी होती. तिचं पुढचं चाक लटपटताना मला मागून स्पष्ट दिसलं, टाय रॉडच. वळणावर तिची गाडी बाहेर सरकली, मी आतून पुढे गेले. ती सातवी आली. उतरल्या उतरल्या तिला सांगितलं. सोमवारी ती गाडी घेऊन माझ्याकडे येते आहे.

पण मामा, वळणाच्या आधीच ओरडून सांगायला हवं होतं का? मामीला न विचारता, खरं काय ते कळवा.

तुम्हा दोघांची माया अशीच राहो.
भाची