‘दीपस्तंभ’ची दुसरी आवृत्ती

४ जानेवारी, शनिवार
आजपासून रोजनिशी नियमित. ‘दीपस्तंभ’ या माझ्या खेळाच्या नियमपुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायचं ठरवलंय, त्याची नोंद कुठेतरी हवी. फक्त माझ्यासाठी.

पुस्तकांच्या दुकानात गेलो होतो. माझं पुस्तक खालच्या फळीवर आणि सिस्टरांचं ‘बुडालेली घंटा’ थेट काउंटरवर. खेळ माझा, नियम माझे. सिस्टर म्हणजे मुलांच्या वॉर्डातल्या एक नर्स, त्यांनी माझ्या खेळावर एक गोष्ट रचली, एवढंच. दुकानदार म्हणाला, लोक आधी ‘घंटा’ उचलतात, मग ती खेळायला नियम लागतात म्हणून तुमचं घेतात. म्हणजे त्यांच्यामुळे माझं खपतं, असं त्याला सुचवायचं होतं. माणूस चांगला आहे, पण धंद्यातलं कळत नाही.

५ जानेवारी, रविवार
वकील मेहुणे जेवायला. हिचे थोरले भाऊ. त्यांना खेळ समजावला. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात, कुठे अडलं की फासे टाकतात. त्यांनी विचारलं, बोर्ड कुठंय? नाही म्हटलं. सोंगट्या? त्याही नाहीत. मग लोक विकत काय घेतात? म्हटलं, नियमांचं पुस्तक. ते म्हणाले, आणि तेच तुम्ही फुकट वाटलंत.

फुकट नाही. खुलं. फरक आहे. पहिल्या आवृत्तीत मी स्पष्ट लिहिलं होतं की हे कुणीही वापरा, बदला, त्यावर स्वतःचं रचा, विकासुद्धा. फक्त मूळ लेखकाचं नाव द्या आणि तुम्ही रचाल तेही इतरांसाठी असंच खुलं ठेवा. केवढा उदारपणा. (तेव्हा कुणी विकत घेत नव्हतं, हा भाग वेगळा.)

आता ते बंद करता येईल का, विचारलं. मेहुणे म्हणाले, एकदा दिलेली परवानगी परत घेता येणार नाही, तसं तुम्हीच लिहून ठेवलंय. जुनं ते खुलंच राहणार. नवीन काही अगदी स्वतःचं लिहिलंत, तर तेवढं बंद ठेवा.

‘अगदी स्वतःचं’वर त्यांनी उगाचच जोर दिला.

११ जानेवारी
ठरलं. नवी आवृत्ती बंद. यापुढे ‘दीपस्तंभ’वर ज्याला काही रचायचंय त्याने आधी मला विचारायचं आणि वाटा द्यायचा. हिला सांगितलं. ती म्हणाली, अहो, पण मग रचेल कोण?

ही बँकेत आहे. मोठा विचार करायची सवय नाही.

२० जानेवारी, सोमवार
नव्या आवृत्तीत नवीन काय, हा प्रश्न आठवडाभर छळत होता. सुटला. भीतीचा नियम घालणार.

तसा तो सिस्टरांच्या पुस्तकात आहे. पात्र घाबरलं की खेळणाऱ्याने आपला फासा शेजारच्याच्या हातात द्यायचा. मग शेजारी तुमच्यासाठी टाकतो, आणि जे पडेल ते दोघांचं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वॉर्डात खेळताना एका मुलीला फासा टाकवेना, तिने तो सिस्टरांच्या मुठीत कोंबला, त्यावरून त्यांना सुचलं म्हणे. अख्ख्या खेळातला सगळ्यात चांगला नियम आहे. खेळ माझा असल्यामुळे एका अर्थी तो मलाच सुचल्यासारखा आहे.

माझ्या शब्दांत उतरवला. ‘भीती’ऐवजी ‘धास्ती’. ‘शेजारी’ऐवजी ‘सहप्रवासी’. आता पूर्ण माझा.

त्यांचं नाव द्यायचं आणि आपलंही खुलं ठेवायचं, अशी अट आहे खरी. अट मीच घातली होती. माझीच अट मला लागू होते का? रंजक प्रश्न. मेहुण्यांना विचारणार नाही.

दुपारी प्रेसमध्ये, नोकरीच्या जागी, कुणाच्या तरी पुस्तकाची प्रुफं तपासत होतो. ‘ऋणनिर्देश’ या शब्दापाशी अडकलो. शब्दात चूक नव्हती. पुन्हा पुन्हा तपासला.

२ फेब्रुवारी
सिस्टरांना ईमेल पाठवली. नवी आवृत्ती येत असल्यामुळे ‘घंटा’ची विक्री थांबवावी, ही विनंती. थांबवायला लावण्याचा मला अधिकार नाही, म्हणून तर ‘विनंती’ लिहिलं. विनंती करायला अधिकार लागत नाही.

मेहुण्यांना आधी दाखवणार होतो. पण ते कामात असतात.

४ फेब्रुवारी
उत्तर आलं. भांडणाची जय्यत तयारी होती, आंघोळ करताना मुद्दे मोठ्याने म्हणून पाहिले होते. त्या लिहितात, सर, तुम्हाला त्रास होत असेल तर थांबवते. तुमच्या खेळामुळे आमच्याकडची गप्प मुलं बोलायला लागली, हे मी विसरणार नाही. दुकानात उरलेल्या प्रती आज उचलते.

जिंकलो.

उत्तर पुन्हा वाचलं. प्रुफं तपासायची सवय.

१ मार्च, शनिवार
पुस्तकं आली. कव्हर झकास. खोकी बेडरूममध्ये ठेवली, दुसरीकडे जागा नाही. हिला कपाट उघडायला तिरकं उभं राहावं लागतं. महिन्याभराचा प्रश्न आहे, म्हटलं.

पहिल्या पानावर ‘सर्व हक्क लेखकाधीन’. बघत बसलो. छान दिसतं. फार वेळ बघवलं नाही.

१५ मार्च
दुकानात कॉलेजची चार मुलंमुली नवी आवृत्ती चाळत होती. त्यांतल्या एकीने दुकानदाराला विचारलं, यावर आम्ही आमची गोष्ट रचून छापली तर चालेल का? तो म्हणाला, लेखक इथेच उभे आहेत. मी म्हटलं, रीतसर अर्ज करा, विचार करू. त्यांनी पुस्तक जिथून घेतलं होतं तिथे नीट ठेवलं आणि दुसऱ्याच एका खुल्या खेळाचं घेतलं.

जाता जाता ती मुलगी म्हणाली, धास्तीचा नियम सिस्टरांचा ना? मी म्हटलं, त्यावर आधारित आहे. दुकानदार मान खाली घालून काउंटर पुसायला लागला. काउंटर स्वच्छच होता.

लोकांना बदल पचायला वेळ लागतो.

३० मार्च, रविवार
दुकानातली खोकीही परत आली. ही आता त्यांवर इस्त्रीचे कपडे ठेवते. 

दुपारी तिने एक प्रत काढून वाचायला घेतली. माझं पुस्तक ती पहिल्यांदाच वाचत होती, मी शेजारच्या खोलीतून पानांचा आवाज मोजत होतो. मग आली आणि विचारलं, हे फासा दुसऱ्याच्या हातात द्यायचं तुम्ही लिहिलंत? म्हटलं, हो. म्हणाली, फार सुंदर आहे. तुमचं वाटतच नाही.

सांगून टाकलं. ईमेलचंही.

रागावेल असं वाटलं होतं. म्हणजे मग मलाही आवाज चढवता आला असता. तिने शांतपणे पुस्तक खोक्यात ठेवलं आणि म्हणाली, जाऊन भेटा त्यांना.

५ एप्रिल
मोठा निर्णय. सगळं पुन्हा खुलं करणार, धास्तीच्या नियमाखाली सिस्टरांचं नाव घालणार. दुकानदाराला सांगितलं. वाटलं, तो हात मिळवेल. त्याने विचारलं, पुन्हा फिरवणार नाही असं लिहून द्याल का? मी जरा दुखावलो. म्हटलं, जुन्या आवृत्तीतही तसं स्वच्छ लिहिलेलं होतं.

तो म्हणाला, हो, मी वाचलं होतं.

१२ एप्रिल, शनिवार
हॉस्पिटलात गेलो. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून काय बोलायचं ते मनात घोळवलं. त्या चिडतील, मी मान खाली घालून ऐकून घेईन, मग मोकळं वाटेल, असा बेत.

सिस्टर ओले हात पुसत बाहेर आल्या. चेहरा दमलेला. मी एका दमात विचारलं की तुमचा नियम तुमच्या नावासकट छापायला तुमची परवानगी आहे का.

त्या म्हणाल्या, परवानगी कशाला, सर? नाव द्या आणि तुमचंही खुलं ठेवा, झालं. तुमचीच तर अट आहे.

म्हटलं, तरी तुम्ही नाही म्हणू शकता.

म्हणाल्या, नाही म्हणता येत नाही, हेच तर त्यातलं मला आवडलं होतं. कुणीही घ्यावं म्हणूनच ठेवलंय. सगळ्यांत तुम्हीही आलात.

‘घंटा’ पुन्हा दुकानात ठेवाल का, विचारलं. नवी गोष्ट लिहाल का, तेही विचारलं. त्या म्हणाल्या, एक लिहितेय, पण दुसऱ्या खेळासाठी. मुलांना आता त्याची सवय झालीय. वेळ मिळाला तर तुमच्यासाठीही बघू. इतक्या नीट बोलल्या की ते होणार नाही हे मला कळलं. तेवढ्यात आतून हाक आली, येते म्हणाल्या आणि गेल्या.

बरंच झालं म्हणायचं. कुठेही वाद नाही. बसस्टॉपपर्यंत चालत आलो, बस लगेच मिळाली, खिडकीही मिळाली.

घरी आल्यावर हिने विचारलं, मागितलीत का माफी?

परवानगी मागून आलो होतो. माफी मागायची राहूनच गेली.