नावाला चौसष्ट जागा

प्रिय आक्का,

जय जिनेंद्र. पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र आधी फळीवर ठेवलं असशील, आणि भाकरी, धुणं, सगळं आटोपल्यावर मग उघडलं असशील. रागावलीस की तू असंच करतेस. फोन केला असता तर तू उचलला नसतास. आणि उचलला असतास, तर मी हवापाण्याचं काहीबाही बोलून ठेवून दिला असता. म्हणून लिहायला बसलोय.

तुझी लेक दिव्या ऑगस्टपासून मला सगळं कळवतेय. जुलैत तू मेलवर आलेला एक अर्ज उघडलास आणि चोरानं कॉम्प्युटरवरचे शाळेचे सगळे दाखले एका क्षणात कुलूपबंद केले. तेव्हापासून तुला ऑफिसात टेबल आहे पण काम नाही, आणि येत्या रविवारी कमिटी तुला ठेवायचं की काढायचं ते ठरवणार आहे. बावीस वर्षं तू सदलग्याहून निपाणीची पहाटेची बस धरलीस. जुनी रजिस्टरं सोडवून, वाळवीनं खाल्लेली पानं भिंगाखाली धरून एकेक नाव कॉम्प्युटरवर चढवलंस. आणि आता सेक्रेटरी अरिहंत अण्णा विचारतात, की बाईंनी अनोळखी मेल उघडलाच कशाला? अहो, आलेले अर्ज उघडणं हेच तर तिचं काम! दिव्या सांगत होती, तू घरी येऊन एवढंच म्हणालीस, "चुकलं माझं. म्हातारी झालो मी आता." आक्का, तुझं काहीही चुकलेलं नाही. हे मी तुझा भाऊ म्हणून तुझी समजूत घालायला सांगत नाहीये.

'दाखला' हा प्रोग्रॅम मी लिहिला तेव्हा बेळगावात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. तुझे सगळे कागद जुन्या मराठी फॉन्टात, आणि निम्म्या पालकांना दाखला कन्नडमध्ये हवा असायचा. तू एकच दाखला दोनदा टाइप करून बोटं चोळत बसायचीस ते मला बघवेना. दिवाळीच्या सुट्टीत घरी बसून मी तो केला: एकीकडे मराठी घाल, दुसरीकडे कन्नड घे. तू सगळ्या शाळेत पेढे वाटलेस. मग तो पेनड्राइव्हवरून चिकोडीला गेला, खानापूरला गेला, तुझी शाळा धरून एकेचाळीस शाळांत आणि टायपिंगच्या दुकानांत जाऊन बसला. त्यानंतर मी मोठमोठ्या कंपन्यांसाठी काम केलं, पण माझ्या कामाचे पेढे पुन्हा कुणी वाटले नाहीत.

त्याच प्रोग्रॅममध्ये चूक होती. तुला कळेल असं सांगतो. अर्जावर नावाची चौकट असते आणि तिच्या खाली 'कार्यालयीन उपयोगासाठी' अशी दुसरी. समज, एखाद्यानं नाव मुद्दाम इतकं लांबवलं की ते खालच्या चौकटीत उतरलं, आणि तिथं त्यानं लिहिलं, 'कपाटाच्या किल्ल्या याला द्याव्यात.' शिपायानं तो साहेबांचाच शेरा समजून किल्ल्या देऊन टाकल्या. कॉम्प्युटर हा असला शिपाई आहे. नावासाठी मी चौसष्ट जागा ठेवल्या होत्या. इंग्रजी अक्षराला एक जागा पुरते, आपल्या एकेका अक्षराला तीन लागतात, काना-मात्रांच्या वेगळ्या. मी आपला इंग्रजीत स्वतःचं नाव घालून बघितलं आणि खूश झालो. नाव मावतंय की नाही हे तपासणारी एक ओळ लिहायची, तीही लिहिली नाही. तू उघडलेल्या त्या अर्जाची प्रत दिव्यानं मला दिली. एका वेगळ्या मशीनवर मी ती उलगडून बघितली. नावाच्या जागी दोनशेवर अक्षरांचं गबाळ आहे, आणि त्याच्या शेपटाला चोरानं आपला हुकूम लावलाय. तुझ्या जागी मी असतो तरी मीही तो अर्ज तसाच उघडला असता.

आणि हे पहिल्यांदा कुणी पकडलं होतं माहीत आहे? तूच. पहिल्याच महिन्यात तुझा फोन आला होता, "परशराम ज्योतिबा मुचंडीकर घातलं की बंदच पडतंय रं तुझं मशीन. जरा बघ की." मी काय म्हणालो? नाव छोटं करून घाल. मग तू 'प. ज्यो.' असं घालायचीस आणि छापलेल्या दाखल्यावर पेनानं पूर्ण नाव लिहायचीस. पोराचं नाव अर्धं राहू नये म्हणून! मी मात्र ते विसरूनही गेलो.

इथं बंगळुरात माझी बेल वाजवतो तो फक्त पार्सलवाला. भाजीवाली माझं सदलग्याचं कन्नड ऐकून तोंडाला पदर लावते. रविवारी मी इथल्या बस्तीत, जिनमंदिरात, जातो, ते दर्शनाला कमी आणि कुणीतरी 'जय जिनेंद्र' म्हणावं म्हणून जास्त. गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी मी मीटिंगमध्ये असताना तुझा फोन आला, प्रिंटर कागद ओढत नाही म्हणून. आठवड्यातला तो चौथा फोन. आठ माणसांसमोर मी म्हणालो, आक्का, मी काही तुझा कॉम्प्युटरवाला नाही, आणि तू तरी तिथं टायपिंगच तर करतेस. तू म्हणालीस, "व्हय रं बाबा. टायपिंगच करतो मी. ऱ्हाऊ दे." तेव्हापासून तुझा फोन नाही. सुरुवातीला मला, खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. पुढं पुढं संध्याकाळी घरी आलो की मी फोन चालू आहे ना ते बघायला लागलो. मला फोन करणारं तुझ्याशिवाय कुणी नव्हतंच.

फेब्रुवारीत हैदराबादच्या एका बाईंचं मला पत्र आलं. असले दोष शोधणं हाच त्यांचा व्यवसाय. तुमच्या प्रोग्रॅममध्ये ही खोट आहे, तीन महिन्यांत दुरुस्त करा, असं त्यांनी अदबीनं लिहिलं होतं. मी मार्चमध्येच दुरुस्ती केली. नेटवर सूचना लावली आणि खोट कुठं होती तेही लिहिलं, कारण त्याशिवाय लोक घाई करत नाहीत. तशी सूचना चोरही वाचतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. त्यामुळं यादी करून प्रत्येक ठिकाणी नवी प्रत पाठवली. चाळीस ठिकाणी.

एकेचाळिसावी तू. तुझ्या मशीनवर काहीही बसवायचं तर फोनवर सांगत सांगत बसवावं लागतं, इथं दाब, तिथं हो म्हण. म्हणजे मला तुला फोन करावा लागला असता, आणि आधी त्या टायपिंगच्या बोलण्याबद्दल काहीतरी बोलावं लागलं असतं. ते मला जमलं नाही. आज करू, उद्या करू म्हणत मार्च गेला, एप्रिल गेला, मे, जून. विसरलो असतो तर बरं झालं असतं. सप्टेंबरात क्षमावाणीला, एकमेकांची क्षमा मागायच्या दिवशी, मी सगळ्यांना पाठवतो तोच मजकूर तुलाही पाठवला, जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर क्षमा असावी. तू लगेच 'उत्तम क्षमा' लिहिलंस. 'असेल तर' काय, आक्का! काय चुकलं, कुणाचं चुकलं, मला सगळं ठाऊक होतं. रविवारी मी निपाणीला येतोय. कमिटीपुढं हे सगळं सांगणार आहे, फोन न केल्याचंसुद्धा, आणि तसं लेखीही देणार आहे. चार माणसांत ऐकण्याआधी तुला एकटीला कळावं म्हणून हे पत्र. माझ्यामुळं तुझी बावीस वर्षं गेली, आणि वर चूक तू आपल्या अंगावर घेतलीस. क्षमावाणीला तू दिलेली क्षमा काही माहीत नसताना दिली होतीस, ती परत घे. आता सगळं माहीत झालंय. आता द्यावीशी वाटली, तरच दे.

तुझाच,
श्रीपाल