सरांचं मराठीतलं वाक्य

३ मार्च, सोमवार
सीनियर इंजिनियरची जागा मला. साठेसरांनी साइट ऑफिसात सगळ्यांसमोर सांगितलं. टाळ्या दोघा-तिघांच्याच. फिओनाने हात मिळवला आणि हेल्मेट घेऊन बाहेर गेली. मँचेस्टरला नवीन आले तेव्हा इथलं काम तिनेच शिकवलं. ही जागा तिलाच मिळायला हवी होती.
आईला नागपूरला फोन. ती खूश. मी...

५ मार्च
इंटरव्ह्यू डोक्यातून जात नाही. सर आणि एचआरची हेलन समोर. मधेच सर हसत मराठीत म्हणाले, "टेन्शन घेऊ नकोस सायली, जागा तुझीच आहे. बाकीचे इंटरव्ह्यू नुसते दाखवायला." हेलनला वाटलं, काहीतरी घरगुती. मीही हसले. का हसले?

१० मार्च
कँटीनमध्ये टेबलावर एकटीच. फोरमन डेक्लनला स्लॅबचं विचारलं तर म्हणाला, "तुझ्या साहेबांना विचार." नेहमी केवढा बोलका.

१३ मार्च
फिओनाने रीतसर तक्रार केली. कार पार्कमध्ये गाठलं मला. "माझा नंबर तुझ्यानंतर होता. भिंत पातळ आहे. तो तुमच्या भाषेत काहीतरी बोलला आणि तुम्ही दोघं हसलात. काय बोलला?"
बस आली म्हणून निघाले. बस माझी नव्हती.

१४ मार्च
सरांनी चहाला बोलावलं. "हेलन विचारेल. घरच्या गप्पा होत्या म्हणून सांग. परक्या देशात आपणच आपल्या माणसांना धरून राहायचं." मग सहज, "व्हिसा यंदाच रिन्यू करायचाय ना तुझा?" तो कंपनीच्या पत्रावरच होतो.
पहिल्या हिवाळ्यात घर मिळेना, तेव्हा याच माणसाने महिनाभर स्वतःच्या घरी ठेवून घेतलं होतं. साठेवहिनी डबा द्यायच्या. तेही खरंच.

१६ मार्च, रविवार
निखिल म्हणतो, खोटं बोलू नकोस, पण सगळं सांगायलाच हवं असंही नाही.
"मग सांगू काय?"
तो भांडी घासत राहिला. नवरा म्हणून त्याचाही व्हिसा माझ्यावरच.

१८ मार्च
हेलन म्हणाली, "घाई नाही. आधी तुझ्या भाषेत आठव, मग मला इंग्रजीत सांग." सरांचं वाक्य मराठीत म्हटलं. जसंच्या तसं. तिला एक अक्षर कळलं नाही, पण माझ्या तोंडाकडे बघत राहिली.
"आणि इंग्रजीत?"
पाच मिनिटं मागून बाहेर आलेय. जिन्यात बसून फोनवरच लिहितेय. खालून फिओना जिना चढून येतेय. तिने अजून मला पाहिलेलं नाही.