धुळाजी मिस्त्रीची लहान पुली

मी, धुळाजी बबनराव खताळ, वय त्रेसष्ट, धंदा मोटार मिस्त्री, राहणार कडा, तालुका आष्टी, जिल्हा बीड, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. कान थोडे गेले आहेत, डोकं शाबूत आहे.

१. राहतं घर पत्नी जानकीबाई हिचं. तिच्या हयातीत कोणी वाटणीचं नाव काढू नये.

२. गॅरेज आणि सगळे पाने मुलगी सुनिता हिला. जावयांनी तोंड वाकडं केलं तरी चालेल. इंजिनाचं दुखणं तिला माझ्याआधी कळतं.

३. केजच्या लखन मिस्त्रीला काहीही नाही. इंजिनात जादा हवा कोंबणारा सुपरचार्जर मी जीपला बसवतोय म्हटल्यावर तो चारचौघांत हसला होता, "जीपला कुठं सुपरचार्जर बसतो का बे?" बसला.

४. ती लाल जीप मुलगा सोमेश्वर याला. अटी अशा: सुपरचार्जरवर पट्ट्याची मोठी पुलीच ठेवावी, बूस्ट म्हणजे हवेचा दाब सहा पौंडांवर जाऊ देऊ नये, सायलेन्सर काढू नये. गाळप हंगामात उसाच्या बैलगाड्या दिसल्या की इंजिन बंद करून जीप ढकलत न्यावी. लहान पुलीने तो जोरात फिरतो, हवा लई भरते, पण सुपरचार्जर किंचाळतो. ती पुली मी कापून टाकली आहे, शोधू नये.

५. कारण लिहितो. सहा वर्षांपूर्वी लखनला दाखवायच्या हट्टाने मी लहान पुली चढवली, सायलेन्सर उतरवला आणि कारखान्याच्या रस्त्यावर बैलगाड्यांच्या रांगेशेजारी ॲक्सिलरेटर दाबला. वडवणीच्या आसारामचे बैल बुजले, त्याची गाडी रस्त्याकडेच्या चारीत गेली, एका बैलाचा पाय मोडला. तो बैल वाचला नाही. ऊसतोड टोळी धावून आली, तेव्हा जीपमध्ये सोबत असलेला सोमेश्वर मला मागे सारत म्हणाला, "दादा, तुमी गप ऱ्हावा. जीप मीच चालवत होतो."

मी गप्प राहिलो. तेव्हापासून गाव त्याला बैलमाऱ्या म्हणतं. त्यापायी त्याच्या दोन सोयरिकी मोडल्या आणि मी खाली मान घालून चहा पीत राहिलो. जीप मी चालवत होतो. सोमा, तुझी माफी मागायला मला तोंड नाही, तरी मागतो.

६. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. हे तसं वाचू नये, मेलेल्याला कसली आली लाज? येत्या बाजाराच्या दिवशी मारुतीच्या पारावर सुनिताने हे मोठ्याने वाचावं, आसारामला बोलावून घ्यावं. मी समोर उभा राहीन.

हे मी स्वतःच्या हाताने लिहिलं, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सही: धुळाजी बबनराव खताळ
साक्षीदार: १. अर्जुनराव गणपत पोकळे (सही) २. तुळजाबाई किसन खाकाळ (डाव्या हाताचा अंगठा)
ठिकाण: कडा. तारीख: ९ फेब्रुवारी २०२५