बाउहाउसचा शेवटचा वारस

३ मार्च
कॉफीच्या मगवर बाउहाउस. मोज्यांवर बाउहाउस. स्टेशनवरच्या दुकानात आता बाउहाउस साबण. आमच्याच देसाऊत. किळस आली.
शंभर वर्षांपूर्वी या जर्मन गावातल्या त्या बाउहाउस कलाशाळेने जगाला साधेपणा शिकवला. आजचं प्रत्येक पोस्टर, मोबाइलवरचं प्रत्येक बटण तिच्याच जिवावर जगतंय आणि कोणाला पत्ता नाही. व्याख्यान देणार. आयुष्यभर बिस्किटांचे पुडे डिझाइन केले, पण आतून मी त्याच शाळेचा.

५ मार्च
सुरुवात घरापासून. जाळीचे पडदे, फुलाफुलांचा सोफा, सासूबाईंची चिनी मातीची हरणं. शिसारी आणणारा सगळा माल तळघरात. रोसविथाने विचारलं, बायकोलाही तिथेच ठेवणार का. मोठे बदल पचायला वेळ लागतो.

६ मार्च, संध्याकाळ
रोसविथा बहिणीकडे गेली. हवापालट असावा. हिवाळी कोटसुद्धा नेला. व्याख्यान गाजलं की कळेल, लग्न कोणाशी केलंय.

११ मार्च
पोस्टर तयार. निळं वर्तुळ, लाल चौकोन, पिवळा त्रिकोण. मजकूर: आकार आणि रंग. खाली हॉल, तारीख, वेळ. माझं नाव गाळलं. नाव म्हणजे नटवेपणा. छापखानेवाला लोएबेल विचारतो, हे नक्की कशाचं आहे. अशा लोकांनीच कला मारली.

१५ मार्च
हॉलच्या मॅनेजरबाई म्हणाल्या, फोनवर फोन येताहेत. आश्चर्य वाटलं नाही. कात्र्या तुम्ही आणणार का, असंही विचारलं. काहीतरी विनोद असावा. हो म्हटलं.

१९ मार्च
हॉल भरला. सगळी पाच ते आठ वर्षांची पोरं. आया मागे कॉफी पीत. पहिली स्लाइड लावली, तर एका पोरीने विचारलं, गोंद कुठाय. कोणीतरी प्रोजेक्टरला चिकट हात लावला.
तेवढ्यात रोसविथा, बहिणीच्या नातीला घेऊन. म्हणाली, पोस्टरवरून मुलांचं काहीतरी वाटलं, तुझं आहे हे माहीत असतं तर आले नसते. मग तिनेच पोरांना कागद वाटले आणि घड्या घालायला लावल्या.
बाउहाउसमध्ये पहिल्या वर्षाला हेच करायला लावत. कोरा कागद घ्यायचा, घड्या घालून उभा करायचा. हे सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाली, बोलू नकोस, खाली बस, इथे धर.
बसलो. नातीचा कागद उभा राहिला. माझा आडवा.
निघताना म्हटलं, घरी चल. म्हणाली, पुढच्या वर्गाला येते.

२० मार्च, सकाळ
पुढचा वर्ग कसला? मी काय बालवाडी काढलीय? तत्त्वाचा प्रश्न आहे.

दुपार
हॉल बुक केला. मॅनेजरबाईंनी वयोगट विचारला. पाच ते आठ, म्हटलं.